वस्तीतल्या बागेत रहिवाशांची फळबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर अशा पठारावरच्या शहरांसाठी आहेत. इथे पाऊस साधारण ५०० ते १००० मिलिमीटर पडतो, तोही चार महिन्यांत, आणि जमिनीखाली काळा दगड किंवा मुरूम असतो. कोकण आणि विदर्भात काय बदलतं, ते पुढे वेगळं दिलं आहे.

बाग आमच्याच वस्तीतली आहे. झाड लावायला परवानगी कशाला?

कारण जागा कोणाची यावर झाडाचं आयुष्य अवलंबून असतं. महापालिका किंवा नगरपरिषदेची बाग असेल तर उद्यान विभागाचं लेखी पत्र घ्या. लेआउट मंजूर होताना सोडलेली मोकळी जागा असेल तर ती अजून सोसायटीकडे आहे की पालिकेकडे हस्तांतरित झाली आहे, हे आधी कागदावर बघा. तोंडी होकारावर लावलेली रोपं पुढच्या जॉगिंग ट्रॅकच्या कामात जेसीबीखाली जातात आणि तेव्हा दाद मागायला हातात काहीच नसतं.

अर्जासोबत चार गोष्टी द्या: प्रत्येक झाडाची जागा दाखवणारा नकाशा, झाडांची यादी, पाणी कुठून आणि कोण घालणार, आणि फळांवर हक्क कोणाचा. शेवटचा मुद्दा लोक संकोचाने टाळतात. पालिकेच्या जागेतलं झाड पालिकेचं असतं, फळासकट. काही ठिकाणी चिंच-आंब्याच्या फळांचा लिलावही होतो. रहिवाशांनी वाढवलेल्या झाडांची फळं रहिवाशांनी वाटून घ्यायची, असं पत्रातच आलं तर पुढचे वाद टळतात.

त्याच भेटीत जलवाहिनी, ड्रेनेज, वीजकेबल आणि गॅसवाहिनी कुठून गेल्या आहेत ते विचारून नकाशावर उतरवून घ्या. एकदा लावलेलं झाड हलवणं सोपं नाही. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि झाड तोडण्यासाठीच नव्हे, फांद्या उतरवण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. चुकीच्या जागी लावलेलं झाड मग तुमच्या हातात राहत नाही.

१० गुंठ्यांत किती झाडं बसतील?

लोकांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी. १० गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. त्यातली ४०० चौरस मीटर जागा मुलांच्या खेळण्याला, वाटांना आणि बाकांना सोडा. उरलेल्या ६०० चौरस मीटरमध्ये सीताफळासारख्या लहान झाडांचं ५ × ५ मीटर अंतर धरलं तर जास्तीत जास्त २४ झाडं बसतात. १०० रोपं फुकट मिळतात म्हणून १०० लावणं हा झाडांवर अन्यायच आहे. दाट लावलेली झाडं उजेडासाठी उंच पळतात, बुंधे बारीक राहतात आणि फळ हाताला येत नाही.

मूळ अंतरं लक्षात ठेवा: आंबा, चिकू, जांभूळ, चिंच १० मीटर, आवळा ७, पेरू आणि लिंबू ६, सीताफळ आणि अंजीर ५. आंबा दरवर्षी छाटून ५-६ मीटरवर ठेवता येतो, पण ती छाटणी १५ वर्षं न चुकता करणारं कोणी असेल तरच. भिंतीपासून लहान झाड निदान २ मीटर आणि मोठं झाड ५ मीटर आत हवं. विजेच्या तारांखाली सीताफळापेक्षा उंच काही नको.

कोणती झाडं निवडावीत?

शेतातल्या फळबागेत उत्पन्न बघतात. सार्वजनिक बागेत वेगळे प्रश्न विचारावे लागतात. औषध न फवारता जगेल का? मूल फांदीवर चढलं तर फांदी तुटेल का? फळ डोक्यात पडेल का? कच्चं तोडलं तर वाया जाईल का?

या कसोटीवर पहिला नंबर सीताफळाचा. पावसावर जगतं, शेळी त्याला तोंड लावत नाही, उंची आवाक्यात राहते आणि काढलेलं फळ घरात पिकतं, फक्त सालीवरचे डोळे (उंचवटे) उघडून त्यांमधल्या खाचा पिवळसर झालेल्या हव्यात. बाळानगर ही खात्रीची जात. एकच गोष्ट सांभाळायची: बियांची पूड डोळ्यांना फार वाईट, त्यामुळे मुलांना बिया ठेचू देऊ नका.

चिकू (कालीपत्ती) हळू वाढतो, पण वर्षभर हिरवागार राहतो, सावली देतो आणि छाटणी जवळजवळ मागत नाही. पेरू (सरदार, म्हणजेच एल-४९) दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फळ देतो, त्यामुळे वस्तीचा उत्साह टिकवायला तो हवाच. मात्र पावसाळी बहरात फळमाशी येते. आवळा आंबट, म्हणून झाडावर टिकतो. तो एकटा लावू नका, कांचन आणि एनए-७ अशा दोन वेगळ्या जाती जवळजवळ लावा, नाहीतर फुलं येतात आणि फळ धरत नाही. फांद्या ठिसूळ असल्याने त्याखाली बाक नको.

आंब्यात हापूसचा मोह सोडा. पठारावर तो एक वर्ष आड देतो आणि फळात साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा राहतो. केशर इथे जास्त भरवशाचा. जांभूळ मोठ्या बागेतच, आणि वाटेपासून लांब: मे-जूनमध्ये फरशी जांभळी आणि निसरडी होते, आणि फांदी वाकण्याऐवजी कडकन तुटते, त्यामुळे चढणारे पडतात. कलम (चांगल्या जातीची काडी दुसऱ्या रोपावर जोडून केलेलं रोप) घेणार असाल तर कोकण बहाडोली ही जात बघा. लिंबू चालेल, पण काट्यांमुळे खेळाच्या जागेपासून दूर, कोपऱ्यात.

कुंपणाला करवंद लावा. काट्यांनी जनावर अडतं आणि मे महिन्यात मुलांची चंगळ होते. तुती पेन्सिलीएवढ्या जाड फांदीच्या वीतभर तुकड्यावरून लागते, तिला वेगळा खर्चच नाही. केळी आणि पपई ही पहिल्या दोन-तीन वर्षांची सोबत. मोठी झाडं पसरली की त्यांनी जागा सोडायची.

डाळिंब टाळा. तेल्या रोगामुळे (फळांवर तेलकट डाग पडतात) फवारणीशिवाय ते निभत नाही आणि मुलांच्या बागेत ती फवारणी नको. नारळ आणि फणस वाटेवर, बाकांवर, घसरगुंडीजवळ कधीच नको. शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ अळ्या येतात, त्यांनी अंगाला खाज सुटते, आणि फांदीही ठिसूळ. लावायचाच तर कुंपणाच्या कडेला लावा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. फळबागेत मूल एकदा हाताने तोडून खायला शिकलं की बागेतलं प्रत्येक फळ त्याला खाण्याचं वाटतं. म्हणून त्याच बागेत बिट्टी, एरंड आणि चंद्रज्योत म्हणजे मोगली एरंड असेल तर लागवडीआधी काढून टाकण्याचा अर्ज करा. या तिन्हींच्या बिया विषारी आहेत.

फक्त फळझाडंच लावायची का?

नको. दर चार-पाच फळझाडांमागे एक देशी झाड ठेवा: बहावा, कांचन, पांगारा, तामण, पळस. मधमाश्या आणि पक्ष्यांना वर्षभर काहीतरी मिळालं की फळधारणाही सुधारते. उंबराचं फळ पाखरं आणि वटवाघळं आवडीने खातात, पण वड-पिंपळ-उंबराची मुळं ड्रेनेज फोडतात, म्हणून भिंत आणि वाहिन्यांपासून निदान १० मीटर लांब. झटपट हिरवळीसाठी कॉनोकार्पस लावण्याची टूम निघाली आहे. गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. तुमच्या यादीतही ते नको.

बियांपासून केलेलं रोप घ्यावं की कलम?

आंबा, चिकू, पेरू, आवळा, जांभूळ यांचं कलमच घ्या. आंब्याच्या कोयीपासून झालेल्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षं लागतात आणि ते कसं निघेल ते सांगता येत नाही. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी आईसारखंच फळ देतं. सीताफळाचं बियांचं रोप चालतं, पण फळांत फरक पडतो. करवंद बियांपासूनच करा.

खरेदी कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतूनच करा आणि पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या. राहुरी आणि दापोली विद्यापीठांच्या रोपवाटिका, पुण्यात गणेशखिंडचं फळ संशोधन केंद्र ही भरवशाची ठिकाणं. जूनमध्ये रांगा लागतात, म्हणून मागणी एप्रिलमध्ये नोंदवा.

रोपवाटिकेत कलम कसं पारखायचं?

सगळ्यात उंच कलम उचलू नका. दीड ते दोन फूट उंची, एक वर्ष वय, जोड जमिनीपासून वीतभर वर आणि घट्ट भरलेला, खालचा खुंट (ज्यावर काडी जोडली ते मुळांचं रोप) आणि वरची काडी साधारण सारख्या जाडीची: असं कलम घ्या. जोडाखाली फूट आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे रायवळ (बियांपासून वाढलेली, जातीची खात्री नसलेली). पिशवीच्या तळाची भोकं बघा. तिथून जाड मूळ बाहेर येऊन तुटलं असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे. आत मुळं चकलीसारखी गोल गुंडाळलेली असतात. असं झाड दोन वर्षं बरं दिसतं आणि तिसऱ्या वर्षी वाऱ्यात उन्मळून पडतं.

खड्डा किती मोठा आणि कधी घ्यायचा?

एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला. तीन-चार आठवडे उन्हात तापला की किडींची अंडी आणि बुरशी मरते. पेरू, सीताफळ, लिंबू, अंजिरासाठी ६० × ६० × ६० सेंटिमीटर. आंबा, चिकू, जांभूळ, आवळ्यासाठी १ × १ × १ मीटर. खणताना वरची वीतभर माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरची चांगली माती तळाशी जाते. उघड्या खड्ड्यांभोवती दोरी आणि फांद्या लावा, कारण संध्याकाळी बागेत मुलं पळत असतात.

भरण्याआधी निचरा तपासा. खड्डा अर्धा पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर तळाशी अखंड दगड आहे किंवा चिकट काळी माती आहे. पहारीने तळ फोडून बघा. तरीही पाणी जात नसेल तर जागा बदला, किंवा दीड फूट उंचीचा गादीवाफा करून त्यावर लावा. हा तपास टाळला तर पावसाळ्यात झाडाची मुळं खड्ड्यात बुडून कुजतात आणि लोक म्हणतात, ‘पाणी तर भरपूर होतं, मग का मेलं?’

६० सेंटिमीटरच्या एका खड्ड्यात सुमारे २१६ लिटर माल बसतो, म्हणजे अंदाजे १८ ते २० घमेली. त्यात दोन भाग माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, म्हणजे १२-१३ घमेली माती आणि ६-७ घमेली खत. शिवाय १ किलो निंबोळी पेंड आणि १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. तळाशी वाळलेला पाला टाका. खणलेला माल निव्वळ मुरूम असेल आणि माती बाहेरून आणायची असेल, तर असे २४ खड्डे भरायला सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती आणि अर्ध्या ब्रासहून थोडं जास्त शेणखत धरा. मीटरभराच्या एका खड्ड्याला याच्या साडेचार पट माल लागतो, त्यामुळे मोठी झाडं किती आहेत ते आधी मोजा. कच्चं, गरम शेण कधीही नको: ते मुळं भाजतं आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) व वाळवीला बोलावतं. खड्डा जमिनीपेक्षा १०-१५ सेंटिमीटर वर येईल इतका भरा, पहिल्या पावसात तो तेवढा खाली बसतो.

५ जूनला, पर्यावरण दिनी लावलं तर चालेल का?

चालेल, पण तो दिवस झाडाच्या सोयीचा नाही. पठारावर मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो आणि त्यानंतरही आठ-दहा दिवसांची उघडीप पडते. ५ जूनला कार्यक्रम ठेवलाच तर त्या दिवशी खड्डे भरा, कुंपण करा, पाण्याच्या पाळ्या ठरवा. रोपं वीतभर खोल ओल झाल्यावर लावा, म्हणजे बहुतेक वेळा जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा. पाण्याची पक्की सोय असेल तर सप्टेंबरमध्येही लावता येतं.

लावताना नेमकं काय करायचं?

आदल्या दिवशी पिशवीत पाणी घाला, म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. भरलेल्या खड्ड्याच्या मध्यभागी गोळ्याएवढीच जागा उकरा. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा. ‘तळ कापला की पुरे’ असं म्हणून प्लास्टिक आत ठेवू नका. बाहेरची गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा, फार जाड असतील तर कापा. गोळ्याचा वरचा पृष्ठभाग जमिनीच्या पातळीला यायला हवा. कलमाचा जोड मातीच्या निदान वीतभर वर राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर जोड कुजतो. बाजूची माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका.

जोडावर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर जोड पक्का भरल्याची खात्री करून ती ब्लेडने कापा, नाहीतर बुंधा जाड होताना पट्टी त्यात रुतते आणि वरचा भाग वाळतो. वारा येतो त्या बाजूला, गोळ्याच्या बाहेर बांबू रोवा आणि सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास बांधा. मग १० लिटर पाणी, पाऊस पडत असला तरीही, कारण मुळाभोवतीची पोकळी पाण्यानेच भरते.

आळं दुहेरी करा: बुंध्याभोवती मातीचा छोटा उंचवटा आणि त्याबाहेर पाण्याची गोल चारी. पाणी बुंध्याला टेकत नाही, त्यामुळे लिंबाचा डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) आणि बुंधाकूज टळते. वर १० सेंटिमीटर जाडीचं पाल्याचं किंवा पाचटाचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं दूर.

पाणी किती आणि किती दिवस?

बाग जगते की मरते ते इथेच ठरतं. लागवड एका सकाळचं काम आहे, पाणी तीन उन्हाळ्यांचं.

पहिल्या वर्षी पावसाळ्यातल्या उघडिपीत आठवड्यातून एकदा, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दर वेळी १५ लिटर. २४ झाडांना एका पाळीला ३६० लिटर, म्हणजे आठवड्याला ७२० लिटर. १५ आठवड्यांच्या उन्हाळ्याला सुमारे ११,००० लिटर लागतात, जेमतेम एका मोठ्या टँकरएवढे. दुसऱ्या उन्हाळ्यात पाळी एकदाच, पण ३० लिटर. तिसऱ्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी ५०-६० लिटर. पाणी दर वर्षी बुंध्यापासून थोडं लांब सरकवत न्या, मुळं पाण्याच्या मागे जातात. रोज तांब्याभर पाणी घालणं सगळ्यात वाईट: मुळं वरच्या दोन इंचांत राहतात आणि चार दिवस पाणी चुकलं की झाड कोमेजतं.

ठिबक बसवता आलं तर प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, दोन तास चालवले की १६ लिटर. सार्वजनिक बागेत नळ्या तुटतात, म्हणून त्या बोटभर मातीखाली पुरा. नाहीतर मडकं पुरा: तळाला बारीक भोक, त्यात कापडाची वात, तोंडावर झाकण, नाहीतर डास होतात.

पाळ्या वाटताना एक गोष्ट हमखास निसटते. मे महिन्यात निम्मी वस्ती गावी जाते, आणि पाण्याची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. मेचं वेळापत्रक मार्चमध्येच करा आणि त्या महिन्यापुरती माळीकाकांना किंवा वॉचमनला ठरवून मजुरी द्या. एक झाड एका घराला दत्तक देण्यापेक्षा चार झाडांमागे तीन घरं असा गट ठेवा, म्हणजे एक घर बाहेर असलं तरी झाड तहानेलं राहत नाही.

सगळं नीट करूनही झाडं का मरतात?

बागेत लावलेल्या रोपांचा एक मोठा शत्रू म्हणजे गवत कापायचं यंत्र. त्याची फिरती दोरी बुंध्याला लागते आणि सालीचा गोल पट्टा निघतो. पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडे जातं. पट्टा पूर्ण गोल निघाला की मुळं उपाशी राहतात आणि झाड काही महिन्यांत वाळतं. कंत्राटी कामगाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला गवतात रोप दिसतच नाही. बुंध्याभोवती मीटरभर गोल जागा गवत न ठेवता आच्छादनाने झाका आणि तिथे विटांची कड लावा, म्हणजे यंत्र आत जात नाही.

दुसरं कारण वाळवी. बुंध्यावर मातीचे बोगदे दिसले की खरवडून काढा आणि आळ्यात निंबोळी पेंड मिसळा. तिसरं, खुंटाची फूट: जोडाखालची फूट नखाने खुडली नाही तर ती जोमाने वाढते, वरचं केशर मरतं आणि पाच वर्षांनी रायवळ आंबा फळतो. चौथं, काँक्रीट. सुशोभीकरणात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतात. पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. चारही बाजूंनी निदान एक-एक मीटर माती उघडी राहील, हे कामाच्या आधीच लेखी मागा.

मोकाट गुरं असतील तर पाच फुटी बांबूचा गार्ड हवा. लोखंडी जाळी वापरली तर दर वर्षी तपासा. खोडात रुतलेली जाळी नंतर निघत नाही.

पहिल्याच वर्षी मोहोर आला. ठेवायचा का?

नाही. जड अंतःकरणाने का होईना, खुडून टाका. कलमाला मोहोर लवकर येतो, कारण वरची काडी प्रौढ झाडाची असते. मुळं मात्र वर्षाचीच असतात. आंबा आणि चिकूचा मोहोर पहिली तीन वर्षं, पेरूची फुलं पहिलं वर्ष काढा. पहिली दोन-चार फळं बघण्याच्या हौसेपायी झाड खुजं राहिलेलं कितीतरी बागांत दिसतं.

सीताफळाला फुलं भरपूर, फळं चार. का?

त्याच्या फुलात मादी भाग आधी पक्व होतो आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे एकाच फुलात आपोआप फळ धरत नाही. परागीकरण बारीक भुंगे करतात आणि शहरात ते कमी असतात. हाताने करून बघा: पूर्ण उमललेल्या, पाकळ्या सैल झालेल्या फुलातले पराग संध्याकाळी कागदावर झटकून डबीत ठेवा. दुसऱ्या सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलाच्या पाकळ्या बोटांनी हलकेच विलगून आतल्या चिकट भागावर मऊ कुंचल्याने पराग लावा. मुलांना हे काम फार आवडतं. शिवाय फुलं येण्याच्या काळात आच्छादनाखाली ओल ठेवा, कोरड्या हवेत फुलं गळतात.

छाटणी कधी आणि किती?

पहिल्या वर्षी अडीच फुटांवर शेंडा खुडा, म्हणजे फांद्या हाताच्या उंचीवर फुटतात. त्यातल्या चारही दिशांना जाणाऱ्या तीन-चार ठेवा. पेरू नव्या फुटीवर फळतो, म्हणून दर वर्षी शेंडे छाटले तरच तो भरतो. सीताफळाची छाटणी पानगळीनंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंब्याची फळं उतरल्यावर लगेच. परवानगीचा मुद्दा आधी आलाच आहे. वर्षभराच्या छाटणीसाठी उद्यान विभागाशी एकदाच बोलून ठेवा.

जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र ओता. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हीच पेस्ट बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत लावली की डिंक्यालाही आळा बसतो. ज्या दिवशी कराल त्याच दिवशी वापरा.

कीड आली. फवारणी करावी का?

ज्या फांदीवरून मूल थेट फळ तोंडात घालतं, तिथे रासायनिक फवारणी नको. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेलं औषध बागेत आणूच नका. निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो: अर्धा किलो निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, १० लिटर करा, २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी फवारा. लिंबावरच्या नागअळीला आणि मावा-तुडतुड्यांना तो चालतो. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या हाताने वेचा, पाच-सहाच असतात.

पेरू आणि आंब्यातल्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा (नर माशीला वासाने खेचणारं द्रव्य) रक्षक सापळा लावा, १० गुंठ्यांना दोन पुरतात. सापळा फक्त नर पकडतो, म्हणून त्याच्या जोडीला पडलेली फळं रोज गोळा करून दोन फूट खोल पुरायलाच हवीत. पेरू सुपारीएवढा झाला की कागदी पिशवी बांधा. आंब्याच्या खोडातून भुसा बाहेर येत असेल तर आत भिरूड आहे. तार घालून अळी काढा, रॉकेलचा बोळा आत सारा आणि भोक चिखलाने बुजवा.

फळं कोणीतरी आधीच तोडून नेतं. काय करायचं?

फळबाग सार्वजनिक आहे हे आधी मान्य करा, म्हणजे अर्धा त्रास कमी होतो. उपयोगी पडणारा नियम असा: हात पोचेल तिथपर्यंतचं फळ कोणाचंही, त्यावरचं ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर उतरवायचं. उतरवण्याची तारीख फलकावर लिहा. फलकावर ‘तोडू नये’ इतकंच लिहून भागत नाही. ‘चिकू दिवाळीनंतर तयार होतील, कच्चा चिकू चिकट लागतो’ असं लिहिलं तर लोक थांबतात.

वाटणीत पहिला वाटा पाणी घालणाऱ्यांचा आणि सफाई कामगार, वॉचमन, माळी यांचा. आंबा झेल्याने (टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने), देठासकट उतरवा. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. काठीने झोडपून उतरवू नका, पुढच्या वर्षीच्या काड्या मोडतात. शेंड्यावरची काही फळं पाखरांना ठेवा.

पालापाचोळा जाळायचा नाही, मग टाकायचा कुठे?

झाडाखालीच. उरलेल्यासाठी सावलीत ३ × १ × १ मीटरचा विटांचा जाळीदार हौद बांधा. वीतभर पाला, त्यावर शेणकाला, थोडी माती, पुन्हा पाला, असे थर. मुठीत दाबल्यावर हात ओला होईल पण पाणी ठिबकणार नाही इतकी ओल ठेवा आणि महिन्यातून एकदा वरखाली करा. चार ते सहा महिन्यांत खत तयार होतं. नुसता कोरडा पाला साठवला तर वर्षभर तसाच राहतो, कारण त्यात नत्र फार कमी असतं. गवताची कापणी किंवा शेण मिसळलं की तो कुजायला लागतो. प्रत्येक झाडाला पहिल्या वर्षी १० किलो खत, मग दर वर्षी १० किलो वाढवत ५० पर्यंत न्या, पावसाळ्याच्या तोंडावर.

मियावाकी पद्धतीने फळबाग करता येईल का?

नाही. त्या पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. घनदाट जंगलाचा तुकडा हवा असेल तर ती ठीक, पण फळझाडाला चारही बाजूंनी ऊन लागतं आणि माणसाला झाडापर्यंत पोचावं लागतं. जागा मोठी असेल तर एक कडा तशी करा, फळबाग वेगळी ठेवा.

कोकणात आणि विदर्भात काय वेगळं करायचं?

कोकणात पाण्याचा निचरा हा मुख्य प्रश्न. सपाट जागेत झाड उंचवट्यावर लावा आणि पावसाळ्यात आळं मोडून पाण्याला वाट द्या. दिवाळीनंतर आळं पुन्हा बांधा. जांभ्याच्या कातळात खड्डा फोडून बाहेरची माती भरावी लागते. तिथे कोकम, काजू, जांभूळ ही झाडं सहज होतात.

विदर्भात मेचं ऊन रोपाला भाजतं. पहिले दोन उन्हाळे नैर्ऋत्य बाजूला बारदानाचा किंवा शेडनेटचा आडोसा करा, बुंध्याला चुना लावा आणि आच्छादन १५ सेंटिमीटरपर्यंत वाढवा. संत्र्याच्या आकर्षणात पडू नका, त्याला शेतातल्यासारखी निगा लागते. आवळा, बोर, सीताफळ, कवठ आणि चिंच तिथल्या बागांना जास्त साजेशी.

बागेत आधीपासून एक जुना आंबा आहे, फळ देत नाही. तो काढून नवीन लावावा का?

काढू नका. आधी त्याच्या बुंध्याभोवतीची फरशी सोडवा, खोडात ठोकलेले खिळे, बोर्ड आणि दिव्यांच्या माळा काढा, बांडगूळ असेल तर फांदीसह उतरवण्याची परवानगी मागा. फांद्यांच्या पसाऱ्याखाली, बुंध्यापासून दोन मीटर लांब, वीतभर खोल गोल चर काढून ५० किलो कंपोस्ट पावसाळ्याच्या सुरुवातीला द्या. आतल्या दाट, वाळक्या फांद्या विरळ केल्या की ऊन आत शिरतं. दोन-तीन वर्षांत मोहोर धरण्याची चांगली शक्यता असते, आणि रायवळ असला तरी त्याची कैरी लोणच्याला चालते.